निवृत्त पोलीस अधिकाऱ्याचे दोन लेख

पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने निघावे, खेड शिवापूरचा टोलनाका मागे टाकावा, की थोड्याच वेळात भोर तालुक्यातील आमचे शिवरे लागते. महामार्गालगतच्या गावांत बाराही महिने फ्लेक्स असतात. वाढदिवस, निवड, अभिनंदन आणि पुण्यस्मरण. काही दिवसांपूर्वी असाच एक पुण्यस्मरणाचा फ्लेक्स वाचत उभा होतो. दिवंगत गृहस्थ ऐंशी ओलांडलेले. नावाखाली एका ओळीत ‘सेवानिवृत्त पोलीस अधिकारी’ आणि दुसऱ्या ओळीत ‘प्रेमळ, कुटुंबवत्सल’. नोकरीची तीसेक वर्षे पहिल्या ओळीत आटोपली होती आणि निवृत्तीनंतरची पंचवीस वर्षे दुसऱ्या ओळीत.

वाचकहो, आजचा हा धागा त्या दुसऱ्या ओळीविषयी आहे. गणवेश उतरवल्यानंतर पोलीस काय करतो? नातवंडे सांभाळतो, शेतीकडे पाहतो, पेन्शनच्या रांगेत उभा राहतो, हे आपल्याला ठाऊक आहे. परंतु विदर्भातल्या एका पोलीस अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर वर्तमानपत्रात दोन लेख लिहिले आणि त्यांतून भारतीय न्यायव्यवस्थेचे एक नवे दार उघडले. त्यांचे नाव खुसरो फरामुर्झ रुस्तमजी. पोलीस खात्यात हे नाव आदराने घेतले जाते. इतिहासाच्या वर्गात मात्र ते मी एकदाही ऐकलेले नाही.

त्यांच्याकडे वळण्यापूर्वी भोरमध्येच क्षणभर थांबू. डिसेंबर १८३१ मध्ये उमाजी नाईक भोरजवळच्या उतरोली येथे पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली. त्यांच्याविषयी आज आपण जे जाणतो, त्यातील मोठा भाग कंपनी सरकारचे अधिकारी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यांच्या १८३३ साली मुंबईत छापलेल्या पुस्तकातून येतो. म्हणजे कोठडीतल्या माणसाचे चरित्र कोठडीच्या पहारेकऱ्याने लिहिलेले! इतिहासाच्या साधनांत ही अडचण पदोपदी भेटते. बंदिवानाची बाजू आपल्यापर्यंत पोहोचते ती बहुधा त्याला पकडणाऱ्याच्याच लेखणीतून, आणि ती लेखणी कशी चालते यावर पुष्कळ काही अवलंबून असते. रुस्तमजींची लेखणी एका विलक्षण दिशेने चालली.

नागपूरजवळ कन्हान नदीकाठी इंग्रजांनी १८२१ साली कामठीची लष्करी छावणी वसवली. छावणीमागोमाग व्यापारी आले, कंत्राटदार आले. त्यांत पारशी कुटुंबेही होती. मे १९१६ मध्ये रुस्तमजींचा जन्म याच कामठीतल्या एका पारशी घरात झाला. शिक्षण विज्ञानाचे. नागपूरच्या सायन्स कॉलेजात त्यांनी काही काळ अध्यापनही केले. १९३८ साली ते इंडियन पोलीस सेवेत दाखल झाले आणि त्यांना मध्य प्रांत व वऱ्हाड हा प्रांत मिळाला.

हे साल ध्यानात ठेवावे. अवघ्या चार वर्षांनी ‘चले जाव’चा ठराव होणार होता आणि ऑगस्ट १९४२ मध्ये याच प्रांतातील चिमूर आणि आष्टी पेटणार होती. त्या पिढीचे सगळेच हिंदी पोलीस अधिकारी या पेचातून गेले. अंगावर साहेबाचा गणवेश आणि समोर आपलीच माणसे. १९४७ साली झेंडा बदलला तरी ठाणी तीच राहिली, कायदा बहुतांशी १८६१ सालचाच राहिला आणि लोकांकडे पाहण्याची नजरही बरीचशी तीच. पुढे रुस्तमजींनी ज्या गोष्टींवर बोट ठेवले, त्यांचे मूळ येथे आहे.

१९५२ ते १९५८ या काळात ते पंतप्रधान नेहरूंचे प्रमुख सुरक्षा अधिकारी होते. हे काम फार अवघड होते, कारण नेहरूंना बंदोबस्ताचा तिटकारा होता. गर्दी दिसली की ते तीत शिरत. मार्च १९५५ मध्ये नागपुरातच एक रिक्षाचालक चाकू घेऊन त्यांच्या उघड्या मोटारीवर चढला होता. या सहा वर्षांत रुस्तमजी पंतप्रधानांच्या पावलावर पाऊल ठेवून देश आणि परदेश फिरले आणि रात्री रोजनिशी लिहीत राहिले. त्या रोजनिशांवरून पी. व्ही. राजगोपाल या पोलीस अधिकाऱ्याने संपादित केलेला ‘आय वॉज नेहरूज शॅडो’ हा ग्रंथ २००६ साली आला. पहिल्या दशकातील दिल्लीचा अभ्यास करणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा. दरबारी स्तुती त्यात फारशी नाही; कंटाळा, चिडचिड, प्रवासातली गैरसोय आणि एका मोठ्या माणसाच्या लहानसहान सवयी आहेत.

याच काळात नकाशा बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर, कामठी आणि सारा विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. रुस्तमजींच्या वाट्याला नवे मध्य प्रदेश राज्य आले. १९५८ साली ते तेथील पोलीस महानिरीक्षक झाले आणि चंबळचे खोरे त्यांच्या समोर येऊन उभे ठाकले.

चंबळ म्हटले की आपल्याला ‘शोले’ आठवतो. १९७५ सालच्या त्या चित्रपटातील खलनायकाचे नाव आले ते एका खऱ्या डाकूवरून. भिंड भागातील गब्बरसिंग लोकांची नाके कापण्यासाठी कुप्रसिद्ध होता. पोलिसांना खबर देणाऱ्याला जरब बसावी, हा त्यामागचा हेतू. नोव्हेंबर १९५९ मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत तो ठार झाला. रुस्तमजींच्या रोजनिशीतील हकिकतीनुसार, दुसऱ्या दिवशी नेहरूंचा वाढदिवस होता आणि ही बातमी त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून सांगण्यात आली.

ही हकिकत समाजमाध्यमांवर मोठ्या चवीने सांगितली जाते. ती रंजक आहे, हे मान्य. मला मात्र ती वाचताना अस्वस्थ वाटते. माणसाचे मरण, मग तो कितीही क्रूर असो, वाढदिवसाची भेट म्हणून देणे हे त्या काळच्या पोलिसी मनाचे चित्र आहे, आणि रुस्तमजी त्या मनापासून वेगळे नव्हते. त्यांना आरंभापासून मानवतावादी ठरवण्याची घाई करू नये, म्हणूनच हा प्रसंग येथे नोंदवला.

त्यांची दुसरी बाजू पुढच्याच वर्षी दिसली. मे १९६० मध्ये विनोबा भावे चंबळमध्ये पायी आले. पेणजवळच्या गागोदे गावचा हा माणूस शस्त्रावाचून बेहडांत फिरला आणि वीस डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. देशभर जयजयकार झाला. त्या जयजयकारात जाहीरपणे विरोधी सूर लावला तो मध्य प्रदेशच्या पोलीस महानिरीक्षकांनी. डाकूंचा असा गौरव होऊ लागला, तर त्यांच्याशी लढताना मेलेल्या शिपायांचे आणि नागवलेल्या गावकऱ्यांचे काय, असा त्या विरोधाचा रोख होता. पोलिसांचे मनोधैर्य खचेल, असे त्यांचे म्हणणे होते. विनोबांविरुद्ध बोलणे त्या दिवसांत सोपे नव्हते.

कोण बरोबर? माझ्या मते दोघांपैकी कोणीही सर्वस्वी चुकीचा नव्हता. पकडणाऱ्याच्या बाजूने रुस्तमजींचा आक्षेप रास्त होता. ज्याच्या घरातला माणूस डाकूने मारला, त्याला हृदयपरिवर्तन कसे समजावणार? पण विनोबांनी एक गोष्ट पाहिली, जी पोलिसी वहीत बसत नव्हती. जमिनीचे तंटे, जातीचे वैर आणि ठाण्याचा जुलूम यांतून माणूस बेहडात पळतो आणि परतीची वाट त्याला कोणी ठेवत नाही. बारा वर्षांनी, १९७२ साली, जयप्रकाश नारायण यांच्यापुढे याहून कितीतरी मोठ्या संख्येने डाकूंनी शस्त्रे ठेवली. ती वाट बंद झाली नव्हती, एवढे त्यावरून दिसते.

यानंतरचा भाग लष्करी इतिहासाच्या चाहत्यांना परिचित असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात सरदार चौकीवर पाकिस्तानी फौजेने हल्ला केला आणि राज्याराज्यांच्या सशस्त्र पोलिसांवर सोडलेली सीमा किती उघडी आहे, हे कळून चुकले. १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल स्थापन झाले. आरंभी त्यात २५ बटालियन होत्या आणि प्रमुखपदी रुस्तमजी होते. मार्च १९७१ च्या अखेरीस ढाक्याहून निसटलेले ताजुद्दीन अहमद सीमेवर पोहोचले, तेव्हा त्यांची भेट घेऊन त्यांना दिल्लीपर्यंत नेण्याच्या कामात रुस्तमजी आणि त्यांचे सहकारी गोलोक मजुमदार यांचा मोठा वाटा होता. १७ एप्रिल १९७१ रोजी बांगलादेशाच्या हंगामी सरकारचा मुजीबनगर येथे शपथविधी झाला. त्यामागेही सीमा सुरक्षा दलाचे हात होते. १९७२ साली रुस्तमजींना पद्मभूषण मिळाले. १९७४ साली त्यांनी दलाचे प्रमुखपद सोडले.

त्याच वर्षी समुद्रमार्गे होणाऱ्या चोरट्या व्यापाराचा विचार करण्यासाठी सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सोने, घड्याळे आणि परदेशी कापड आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरण्याचा तो काळ होता. स्वतंत्र तटरक्षक दल असावे, अशी शिफारस समितीने १९७५ साली केली आणि १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते दल हंगामी स्वरूपात कामाला लागले. म्हणजे एका पोलिसाच्या हातून देशाची दोन दले उभी राहिली, एक जमिनीच्या सीमेवर आणि एक पाण्यावर. येथे थांबले असते तरी त्यांचे चरित्र पूर्ण ठरले असते.

आता त्या दोन लेखांकडे येऊ.

आणीबाणी संपली होती. पोलिसांच्या हातून काय काय घडू शकते, हे देशाने पाहिले होते. नोव्हेंबर १९७७ मध्ये जनता सरकारने धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. रुस्तमजी त्याचे सदस्य झाले. वय साठीच्या पुढचे. अशा आयोगांचे काम कसे चालते, हे आपण जाणतो. बैठका, प्रश्नावल्या, विश्रामगृहे. रुस्तमजी बिहारच्या तुरुंगांत गेले.

तेथे त्यांना पाटणा, मुजफ्फरपूर आणि अन्य ठिकाणचे कच्चे कैदी दिसले. ज्यांचा खटला अजून उभाही राहिलेला नाही, असे हे बंदी. त्यांच्यातील कित्येक जण पाच, सात, क्वचित दहा वर्षे आत होते. ज्या गुन्ह्याचा आरोप होता, त्याला कायद्याने जितकी शिक्षा आहे, त्यापेक्षा अधिक काळ त्यांनी शिक्षा न होताच भोगली होती. काहींवर आरोप इतके किरकोळ, की दोष सिद्ध झाला असता तर ते काही महिन्यांत सुटले असते. स्त्रिया होत्या, मुले होती. काही स्त्रियांवर तर कोणताही आरोप नव्हता. त्या गुन्ह्याच्या बळी किंवा साक्षीदार होत्या आणि ‘संरक्षणासाठी’ म्हणून तुरुंगात ठेवलेल्या होत्या!

यात कोणी एक खलनायक नव्हता, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. जामीन मंजूर होई, पण रक्कम भरायला पैसा नाही आणि हमीदार मिळत नाही. वकील नाही, त्यामुळे अर्ज करायचा हेच ठाऊक नाही. तपास रेंगाळलेला, आरोपपत्र नाही. कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाताना हरवलेला. प्रत्येक जण आपापल्या खुर्चीवर नियमाप्रमाणे बसलेला आहे आणि माणूस आत सडतो आहे.

रुस्तमजींनी हे आयोगाच्या अहवालापुरते ठेवले नाही. त्यांच्या लिखाणावर आधारलेला मजकूर ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या ८ आणि ९ जानेवारी १९७९ च्या अंकांत छापून आला. त्यात केवळ हळहळ नव्हती. नावे होती, आरोप होते, किती काळ आत आहेत याचा हिशेब होता. थोडक्यात, फौजदाराने पंचनामा करावा तसा तो मजकूर होता. माझ्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय बाब हीच आहे. उभ्या नोकरीत आरोपीविरुद्ध वापरलेले कसब त्यांनी येथे आरोपीच्या बाजूने वापरले. कवीने किंवा कार्यकर्त्याने हेच लिहिले असते, तर मने हेलावली असती. न्यायालयापुढे ठेवता येईल असा कागद तयार झालाच असता, असे नाही.

तो कागद घेऊन वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांनी बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका केली. तोवरचा शिरस्ता असा, की ज्याच्यावर अन्याय झाला त्याने किंवा त्याच्या आप्ताने न्यायालयात यावे. हिंगोरानी त्या कैद्यांच्या कोणी लागत नव्हत्या. तरीही याचिका ऐकली गेली. लेखातील नावांपैकी एक होते हुसैनारा खातून नावाच्या स्त्रीचे, आणि खटला त्याच नावाने ओळखला गेला. १२ फेब्रुवारी १९७९ रोजी न्यायमूर्ती प्र. ना. भगवती यांच्या पीठाने पहिला आदेश दिला आणि यादीतील कैद्यांना जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. ९ मार्चच्या आदेशात आणखी पुढचे पाऊल पडले. वेळेत खटला चालणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि गरिबाला फुकट वकील मिळणे हाही. लेख छापून आल्याला तेव्हा पुरते तीन महिनेही झाले नव्हते.

या प्रकरणामुळे देशभरातून सुमारे ४० हजार कच्चे कैदी सुटले, असे सर्वत्र सांगितले जाते. एवढे गोल आकडे मी जपूनच वापरतो. परंतु जनहित याचिका या मार्गाचा आरंभ बहुतेक अभ्यासक येथूनच धरतात, याविषयी वाद नाही. पुढे पर्यावरण असो, वेठबिगारी असो, पदपथावर राहणाऱ्यांचा प्रश्न असो, ज्याचे थेट नुकसान झालेले नाही अशा नागरिकानेही न्यायालयाचे दार ठोठावावे, ही वाट रुळली. कपिला हिंगोरानींना जनहित याचिकेची जननी म्हणतात, ते योग्यच आहे. भगवतींचे नाव विधी महाविद्यालयांत घेतले जाते. निकालपत्रात ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या दोन अंकांचा उल्लेख आहे, ज्याच्या पायपिटीतून तो मजकूर आला, त्या पेन्शनर पोलिसाचे नाव सहसा तळटीपेत सापडते.

पुढच्याच वर्षी, १९८० च्या अखेरीस, त्याच बिहारमधील भागलपूरची बातमी फुटली. पोलिसांनी तीसहून अधिक कैद्यांचे डोळे फोडून त्यांत आम्ल ओतले होते. गावकऱ्यांपैकी अनेकांनी पोलिसांचीच बाजू घेतली. त्याही वेळी कैद्यांच्या वतीने हिंगोरानी उभ्या राहिल्या. १९६० मध्ये रुस्तमजी ज्या मनोधैर्याची काळजी करत होते, त्याची दुसरी कड ही होती. तिचा बंदोबस्त करण्यासाठीच पोलीस आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल लिहिले. पोलिसांवरील राजकीय दबाव काढा, नेमणुकांना निश्चित मुदत द्या, तक्रारींसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारा. सरकार बदलले होते. अहवाल कपाटात गेले. १९९६ साली प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने (तेही सीमा सुरक्षा दलाचे माजी प्रमुख) त्यांच्या अंमलबजावणीसाठी याचिका केली. रुस्तमजींनी रुळवलेल्या वाटेनेच रुस्तमजींचा अहवाल न्यायालयात पोहोचला. निकाल २२ सप्टेंबर २००६ रोजी लागला.

तो पाहायला ते नव्हते. १९९१ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पोलीस सेवेतील अधिकाऱ्याला हा सन्मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. उतारवयातही ते पोलीस आणि तुरुंग या विषयांवर लिहीत राहिले. मार्च २००३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी ८६ वर्षे पूर्ण केली होती. त्यांतील जवळजवळ तीस वर्षे निवृत्तीची.

कच्च्या कैद्यांचे पुढे काय झाले? निम्मी शिक्षा भोगलेल्यांना सोडण्याची तरतूद २००६ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत लागू झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्यांसाठी ती मर्यादा एक तृतीयांशावर आली (मृत्युदंड किंवा जन्मठेपेचे गुन्हे वगळून). आणि तरीही २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत दर चार माणसांपैकी तीन कच्चे कैदीच होते.

हे टिपण लिहून झाल्यावर मी गावातल्या एका निवृत्त हवालदारांना वाचून दाखवले. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. नेहरू, चंबळ, बांगलादेश, सगळे त्यांनी मान हलवत ऐकले. बिहारच्या तुरुंगाशी आल्यावर म्हणाले, “यात बिहार कशाला पाहिजे? मी स्वतः कैदी पार्टीला होतो.”

कैद्यांना तुरुंगातून कोर्टात ने-आण करणाऱ्या पोलिसांना कैदी पार्टी म्हणतात. मी विचारले, “तात्या, म्हणजे काय व्हायचं?”

“तारखेच्या दिवशी कुठे मोर्चा, कुठे मंत्र्याचा बंदोबस्त. माणसं तिकडे जायची. पार्टी नाही, तर कैदी कोर्टात कसा जाणार? साहेबांनी विचारलं की आम्ही लिहून द्यायचो, गार्ड उपलब्ध नाही.”

“आणि कैदी?”

“त्याला पुढची तारीख.” मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, “एक पोरगा होता. सायकलचोरीतला. चार तारखा मी स्वतः चुकवल्या त्याच्या. नाव नाही आठवत आता.”